नाईलकाठच्या अरण्यात

आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध गृहस्थ दर पावसाळ्यात एकच गोष्ट सांगतात. ओढे भरून वाहू लागले, शेतांचे बांध फुटू लागले, की मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या व्हरांड्यात छत्री टेकून ते म्हणतात, “फादर, हे कसले पाणी! मी बारा वर्षांचा असताना सारी नाईल नदी एका फटीत शिरताना पाहिली आहे.” पोरे खुदुखुदु हसतात. खरे सांगावयाचे तर आम्हीही इतकी वर्षे मनातल्या मनात हसत होतो. परंतु गेल्या जानेवारीत ती फट आम्ही स्वतः पाहिली, आणि आमच्या हसण्याचा आम्हास संकोच वाटू लागला. ती हकीकत वाचकांपुढे ठेवावी म्हणून हा लेखनप्रपंच.

या गृहस्थांना गावात सर्वजण ‘आफ्रिकेचे काका’ म्हणतात. त्यांचे वडील मूळचे गोव्याचे. कंपाला शहरातील सरकारी कचेरीत ते कारकून होते. इंग्रजी अमदानीत गोव्याचे कितीतरी ख्रिस्ती लोक युगांडात व केनियात पोटापाण्यासाठी गेले. कोणी कारकून झाले, कोणी शिंपी, कोणी स्वयंपाकी. काकांचा जन्म तिकडचाच. १९७२ च्या ऑगस्ट महिन्यात तेथील लष्करी सत्ताधीश इदी अमीन याने आशियाई लोकांनी नव्वद दिवसांत देश सोडावा असे फर्मान काढले, तेव्हा काका वीस वर्षांचे होते. पन्नास हजारांहून अधिक माणसे त्या तीन महिन्यांत देशोधडीस लागली. काकांचे कुटुंब दोन पेट्या घेऊन खानापूर तालुक्यात आजोळी आले, ते कायमचेच. त्या पेट्यांतून आलेले एक छायाचित्र त्यांनी अजून जपून ठेवले आहे. नदीकाठी एक फेरीबोट, तिच्यापाशी टोपी घातलेले वडील व अर्ध्या विजारीतला मुलगा, आणि दूर पलीकडच्या तीरावर हत्तींचा कळप.

सेमिनरीतील आमचे एक सहाध्यायी पश्चिम युगांडात मिशनकार्य करतात. ‘एकदा येऊन जा,’ असा त्यांचा आग्रह पुष्कळ दिवसांचा. नाताळचा सण आटोपल्यावर आम्ही निघण्याचे ठरविले, तेव्हा काका आमच्या दारी येऊन उभे राहिले. “फादर, मला बरोबर न्या. घरदार, कचेरी, कोणाकडे काही मागायचे नाही. ते हत्ती अजून आहेत की नाहीत, एवढेच डोळ्यांनी पाहायचे आहे.” त्यांचे चिरंजीव आखातात नोकरीस आहेत, प्रवासखर्च त्यांनी उचलला. सत्तरी ओलांडलेल्या माणसाचा एवढा हट्ट मोडवेना. अशा रीतीने आम्ही दोघे मुंबईहून निघालो.

तांबडी माती, गोड पाणी

एंटेबीचा विमानतळ व्हिक्टोरिया सरोवराच्या अगदी काठावर आहे. सरोवर म्हणजे आपल्याकडील एखादा मोठा तलाव अशी कल्पना कोणी करू नये. त्याचा विस्तार सुमारे ६८,८०० चौरस किलोमीटर. आपला गोवा त्यात अठरा वेळा बुडेल. पलीकडचा तीर दिसत नाही, लाटा खडकांवर फुटतात, आणि तरी पाणी गोडे! विषुववृत्त येथून हाकेच्या अंतरावर, म्हणून आम्ही उन्हाच्या तडाख्याची भीती घेऊन उतरलो होतो. परंतु हा सारा प्रदेश समुद्रसपाटीपासून हजार मीटरांहून उंच असल्यामुळे हवा बेळगावसारखी सुखद. मातीही आपल्या कोकणासारखी तांबडी. केळीच्या बागा, फणस, आंबे पाहून क्षणभर वाटले, आपण घर सोडलेच नाही.

कंपालात काकांनी आपले जुने घर शोधण्याचा प्रयत्न केला. रस्त्यांची नावे बदलली होती आणि त्या जागी एक बहुमजली इमारत उभी होती. काका फाटकापाशी दोन मिनिटे उभे राहिले, मग म्हणाले, “चला फादर, चहा घेऊ.” रस्त्याच्या कडेला एक तरुण तव्यावर चपात्या लाटून भाजत होता. अंड्याचे आम्लेट चपातीत गुंडाळून तो गिऱ्हाइकांना देई. या खाद्याला तिकडे ‘रोलेक्स’ म्हणतात! आपल्या लोकांना देशाबाहेर काढले, परंतु आपली चपाती मात्र नावासकट तेथेच राहिली आहे आणि गरिबाचे पोट भरीत आहे, हे पाहून काका पहिल्यांदाच मनमोकळे हसले.

दुसऱ्या दिवशी आम्ही जिंजा येथे गेलो. व्हिक्टोरिया सरोवरातून नाईल नदी बाहेर पडते ती येथे. भूमध्य समुद्रापर्यंतची सारी वाट तिला अजून चालावयाची असते. १८६२ साली स्पीक या इंग्रज प्रवाशाने हे ठिकाण पाहून जगास कळविले. अर्थात काठावरच्या लोकांना ते पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतेच. त्याने पाहिलेला धबधबा पुढे १९५४ साली पुऱ्या झालेल्या धरणाच्या पाण्याखाली गेला. १९४८ साली महात्मा गांधींच्या अस्थींचा काही भाग या उगमापाशी विसर्जित करण्यात आला होता, त्याची आठवण म्हणून तेथे त्यांचा अर्धपुतळा आहे. काकांनी ओंजळीत पाणी घेऊन तोंडावरून फिरविले आणि नदीला उद्देशून म्हणाले, “तू पुढे हो, आम्ही तिकडून येतो.”

गेंड्यांचे पुनरागमन

कंपालाहून उत्तरेस जाणाऱ्या सडकेवर झीवा नावाचे गेंड्यांचे आश्रयस्थान लागते. युगांडाच्या रानांत पूर्वी काळे व पांढरे असे दोन्ही जातींचे गेंडे होते. अमीनच्या कारकिर्दीत व त्यानंतरच्या यादवीत सैनिकांनी आणि चोरट्या शिकाऱ्यांनी शिंगांसाठी त्यांचा असा संहार केला, की १९८० नंतरच्या दोनचार वर्षांत रानात एकही गेंडा उरला नाही. पुढे २००५ व २००६ साली केनियातून चार आणि अमेरिकेतील एका प्राणिसंग्रहातून दोन असे सहा पांढरे गेंडे येथे आणले गेले. २००९ मध्ये येथे पहिले वासरू जन्मले. बाप केनियाचा, आई अमेरिकेची. तेव्हा त्याचे नाव लोकांनी ओबामा ठेवले! आज त्या सहांचे चाळिसांहून अधिक झाले आहेत.

रक्षकामागून झुडपांतून चालत आम्ही एका गेंड्याच्या मादीपासून तीसेक पावलांवर जाऊन उभे राहिलो. ती आपली गवत खात होती. खाण्याचा आवाज आपल्या गोठ्यातील म्हशीसारखाच. प्रत्येक गेंड्यामागे रात्रंदिवस बंदूकधारी रक्षक असतो. एक जनावर नाहीसे करण्यास एक गोळी पुरते. ते परत आणण्यास मात्र पिढी खर्ची पडते.

मासिंदीत मिशनच्या पाहुण्यांच्या खोलीत आमची व्यवस्था झाली होती. जेवणात वाफवलेल्या हिरव्या केळ्यांचा लगदा आणि शेंगदाण्याचे कालवण. काकांनी ते दोनदा मागून घेतले. “आमची आया हे करीत असे,” एवढेच म्हणाले.

अरण्यात प्रवेश

मर्चिसन फॉल्स राष्ट्रीय उद्यान हे युगांडातील सर्वांत मोठे. त्याचे क्षेत्र ३,८०० चौरस किलोमीटरांहून अधिक. म्हणजे सारा गोवा, डोंगर-खाड्यांसह, त्यात मावून थोडी जागा उरेल. नाईल नदी पूर्वेकडून येऊन त्याचे दोन भाग करते आणि पश्चिमेस आल्बर्ट सरोवरास मिळते. दक्षिणेस बुडोंगोचे महोगनी वृक्षांचे दाट अरण्य, तेथे चिंपांझी राहतात. उत्तरेस मैलोगणती गवताळ माळ, आणि त्यावर मधून मधून ताडाची झाडे.

ही भूमी आरंभापासून निर्मनुष्य होती असा समज करून घेऊ नये. विसाव्या शतकाच्या आरंभी या देशात निद्रारोगाची भयंकर साथ आली. त्सेत्से नावाची माशी चावल्याने हा रोग होतो; माणूस ग्लानीत जातो आणि औषध न मिळाल्यास मरतो. साथ आवरण्यासाठी इंग्रज सरकारने १९०७ ते १९१२ या काळात नदीकाठची गावेच्या गावे उठविली. माणसे गेली, रान वाढले, जनावरे आली. १९२६ साली तो भाग राखीव झाला आणि १९५२ साली राष्ट्रीय उद्यान. म्हणजे आज आपण ज्याला मूळचे अरण्य म्हणून पाहण्यास जातो, त्याच्याखाली कोणाची तरी शेते आणि चुली आहेत.

ती माशी अजून आहे. तिला काळा व निळा रंग फार आवडतो. म्हणून रस्त्याच्या कडेला झाडांवर निळ्याकाळ्या कापडाचे सापळे टांगलेले दिसतात. आमच्या मित्राने सूचना देऊनही काका आपला आवडता निळा सदरा घालून बसले होते. मोटारीत शिरलेल्या पाच माशांपैकी चारांनी त्यांचीच निवड केली. सुई टोचावी तसा तो दंश. सुदैवाने हल्ली तो रोग फार विरळा झाला आहे.

पाराआ येथे नदी ओलांडावयाची. या नावाचा अर्थ तेथील लुओ भाषेत ‘पाणघोड्यांचे घर’ असा आहे. काकांच्या छायाचित्रातील फेरी येथलीच. आता तेथे मोठा पूल झाला आहे आणि गुळगुळीत डांबरी सडक उद्यानाच्या पोटातून जाते. ती केवळ प्रवाशांसाठी नव्हे. आल्बर्ट सरोवराच्या परिसरात २००६ साली खनिज तेल सापडले. २०२३ पासून उद्यानाच्या उत्तर भागातही विहिरी खणण्यास आरंभ झाला. तेथून टांझानियातील टांगा बंदरापर्यंत १,४४३ किलोमीटर लांबीची तेलवाहिनी नेण्याची योजना आहे. देशास पैसा हवा, हे कोण नाकारील? परंतु जिराफांच्या चरण्याच्या माळावर लोखंडी मनोरा पाहून मन साशंक होते, हेही खरे.

काकांची मोजणी

पहाटे सहा वाजता आम्ही उत्तर तीरावरच्या माळावर होतो. सूर्य उगवताच गवतावरचे धुके उठले आणि एखादा पडदा सरकावा तसे सारे दृश्य आमच्या पुढे आले. शेकडो कोब हरिणे, सोनेरी तपकिरी रंगाची, कान टवकारून उभी. युगांडाच्या राजचिन्हात एका बाजूस हेच हरिण आणि दुसऱ्या बाजूस तुरेवाला करकोचा आहे. रानडुकरे पुढचे गुडघे टेकून चरत होती, काका म्हणाले, “प्रार्थनेला बसल्यासारखी दिसतात, पण लक्ष सगळे गवतात. आपल्याकडेही अशी मंडळी आहेत, फादर.” या टोल्यास आमच्याजवळ उत्तर नव्हते.

मग जिराफ. एक, तीन, अकरा. बाभळीच्या शेंड्यावरची पाने ते जिभेने हळूच ओढून घेतात. पूर्वी हे जिराफ केवळ उत्तर तीरावरच होते, नदी ओलांडणे त्यांना शक्य नव्हते. २०१६ च्या जानेवारीत अठरा जिराफ फेरीतून पलीकडे नेण्यात आले, अशासाठी की एका तीरावर काही अरिष्ट आले तर दुसऱ्या तीरावर वंश उरावा. माना वर करून नदी पार करणाऱ्या त्या उतारूंचे दृश्य काय असेल, याची वाचकांनीच कल्पना करावी.

ताडांच्या रांगेपलीकडे आमच्या वाटाड्या रक्षकाने बोट दाखविले. प्रथम आम्हास करडे खडक वाटले. मग खडकांचे कान हलले.

काकांनी खिशातून चष्मा काढला आणि मोजू लागले. आया, पिल्ले, मागे एक भला मोठा नर. ताडाची फळे सोंडेने उचलून ते खात होते; त्यांच्या विष्ठेतून बिया दूरवर पडतात आणि तेथे नवे ताड उगवतात, असे रक्षकाने सांगितले. म्हणजे ही झाडे हत्तींनीच लावलेली! “एकतीस,” काका शेवटी म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. “माझ्या लहानपणी एका वेळी दोनशे, तीनशे दिसत. पण एकतीस आहेत. आहेत, फादर.”

रक्षकाने पुढील हकीकत सांगितली. १९६० नंतरच्या काळात येथे हत्ती हजारोंनी होते. उद्यानाबाहेरची शेते वाढत गेली तसे हत्ती आत दाटले, त्यांनी साली सोलून वृक्ष मारले, रानाचा माळ झाला. म्हणून १९६५ ते १९६७ या काळात सरकारनेच सुमारे दोन हजार हत्ती मारविले. अति झाले म्हणून मारले आणि थोड्याच वर्षांत उरलेलेही जाण्याची वेळ आली. अमीनच्या राजवटीत व पुढे हस्तिदंतासाठी यंत्रबंदुकांनी कत्तल झाली. हजारांच्या जागी काही शेकडे उरले. त्यानंतर वीसेक वर्षे उत्तरेतील बंडखोरांच्या धाडींमुळे येथे कोणी फिरकत नसे. १९९६ साली वन्यजीवांसाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झाले, हळूहळू शांतता आली, आणि आता या उद्यानातील हत्ती पुन्हा हजाराच्या वर गेले आहेत. काकांनी छायाचित्र काढून त्या तरुणास दाखविले. त्याने ते पुष्कळ वेळ न्याहाळले आणि म्हणाला, “माझा जन्म होण्यापूर्वीचे हे हत्ती मी पहिल्यांदाच पाहतो आहे.”

परतताना गवतात एक सिंहीण दिसली. ती उठून चालू लागली तेव्हा आमच्या ध्यानी आले, की तिचा एक पंजा नाही. “तारेचा फास,” रक्षक म्हणाला, आणि पुढे काही बोलला नाही.

नदीवरचे तीन तास

दुपारी पाराआच्या धक्क्यावरून बोट निघते आणि प्रवाहाविरुद्ध सतरा किलोमीटर धबधब्याच्या पायथ्यापर्यंत जाते. बोट सुटताच पाण्यात काळे दगड दिसू लागले. ते फुसकारले, आणि बुडाले. पाणघोडे! एकेका घोळक्यात तीस-चाळीस. दीड हजार किलो वजनाचे हे धूड खरे पाहता पोहत नाही, नदीच्या तळावरून चालते. त्याची कातडी उन्हास सोसत नाही, म्हणून दिवसभर पाण्यात. अंगातून तांबूस द्रव पाझरतो, तो त्याचे उन्हापासून रक्षण करतो. रात्री वर येऊन गवत खातो. दिसावयास गरीब, परंतु त्याची आणि पाण्याची वाट अडविणाऱ्याची तो गय करीत नाही.

काठावरच्या चिखलात सुसरी जबडे उघडून पडल्या होत्या. हा राग नव्हे. अंगातील उष्णता बाहेर टाकण्याची त्यांची ती रीत आहे. एवढा क्रूर प्राणी, परंतु मादी तीन महिने वाळूतील अंड्यांची राखण करते, पिल्लांचा आवाज ऐकताच वाळू उकरते आणि त्यांना त्याच भयंकर जबड्यात अलगद धरून पाण्यात नेते. देवाने मातृत्व कोठे कोठे ठेवले आहे पाहा.

उभ्या दरडीत शेकडो बिळे होती आणि त्यांतून लाल गळ्याचे वेडे राघू ये-जा करीत होते. आपल्याकडील कवड्या खंड्याही येथे भेटला. पाण्यावर एका जागी पंख फडफडवीत थांबणारा आणि मग दगडासारखा कोसळणारा तोच तो. वाळलेल्या झाडावरून मत्स्यगरुडाची आरोळी आली. पाणी पिण्यास आलेला एक हत्ती सोंड उंचावून बोटीचा वास घेत राहिला.

मग पाण्यावर पांढऱ्या फेसाचे पुंजके वाहत येऊ लागले. काका उठून उभे राहिले. “आला,” ते म्हणाले. वळण घेताच समोर दोन काळ्या कड्यांमधून शुभ्र धूर उसळताना दिसला. प्रवाह इतका प्रबळ, की बोट काही अंतरावर एका खडकाला टेकवावी लागते. कोणी बोलत नव्हते, आणि बोलले असते तरी ऐकू आले नसते.

ती फट

दुसऱ्या सकाळी मोटारीने आम्ही धबधब्याच्या माथ्यावर गेलो. येथे खरा चमत्कार दिसतो. वर पन्नास-शंभर मीटर रुंदीची नदी खडकांवरून धावत येते आणि एकाएकी तिला दोन्हीकडून कातळ दाबतो. वाट उरते ती केवळ सात मीटर. आपल्या गावचा नवा पूल त्याहून लांब आहे. दर सेकंदाला सुमारे तीन लाख लिटर पाणी त्या सात मीटरांतून घुसते आणि ४३ मीटर खाली कोसळते. बेळगाव जिल्ह्यातील गोकाकचा धबधबा याहून काहीसा उंच आहे, दूधसागर तर कितीतरी पट उंच. उंचीत या धबधब्याची मातब्बरी नाही. परंतु गोकाकला पाणी पडते. येथे पाण्याला पिळून काढले जाते. पायाखालचा खडक थरथरतो. तुषारांनी आमचे कपडे भिजले आणि त्यांवर इंद्रधनुष्य उमटले. शेजारी आणखी एक धबधबा आहे. १९६२ साली, देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी, महापुराने नदीने ही दुसरी वाट फोडली. म्हणून त्याचे नाव ‘उहुरू’, म्हणजे स्वातंत्र्य.

मोठ्या धबधब्यास मर्चिसन हे नाव १८६४ साली सॅम्युएल बेकर याने दिले. त्याची सहचारिणी फ्लोरेन्स त्या खडतर प्रवासात त्याच्याबरोबर होती. मर्चिसन हे लंडनच्या भूगोल-संस्थेचे अध्यक्ष; त्यांनी हे पाणी कधी पाहिले नाही. अमीनच्या काळात नाव बदलून काबालेगा केले गेले आणि पुढे पुन्हा जुने नाव रूढ झाले. काबालेगा हा याच बुन्योरो प्रदेशाचा राजा. त्याने इंग्रजांशी अनेक वर्षे झुंज दिली. १८९९ साली तो पकडला गेला आणि दूर सेशेल्स बेटांवर हद्दपार झाला. १९२३ साली म्हातारपणी त्याला घरी परतण्याची परवानगी मिळाली. परंतु वाटेत जिंजा येथेच त्याला मृत्यूने गाठले. आपला मुलूख त्याने पुन्हा पाहिला नाही.

ही हकीकत मिशनऱ्याच्या तोंडून ऐकताना काका कठड्याला धरून पाण्याकडे पाहत होते. “जिंजापर्यंत आला होता बिचारा,” ते म्हणाले. “मी त्याहून पुढे आलो.” ज्याच्या नावाने आपल्याला हद्दपार करणाऱ्याने धबधबा सजविला, तो राजाही हद्दपारच होता, हे त्यांच्या मनात आले असावे. आम्ही विचारले नाही.

आंब्याखालची रात्र

आता जे सांगावयाचे ते उद्यानाच्या कुंपणाबाहेरचे आहे. आणि आमच्या मते तेच मुख्य आहे.

अखेरच्या संध्याकाळी मिशनच्या आंब्याखाली जवळच्या गावातील धर्मशिक्षक भेटावयास आले. पन्नाशीचा, काटक, शेतकरी माणूस. काकांनी मोठ्या उत्साहाने त्यांना एकतीस हत्तींची गोष्ट सांगितली. ते शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, “मागच्या हंगामात माझ्याकडे सहाच आले होते. एका रात्रीत सगळा मका गेला. राखणीसाठी माझी मुले रात्रभर माळ्यावर बसून डबे वाजवतात आणि सकाळी शाळेत झोपतात. माझ्या भावाने डुकरासाठी फास लावला, मोटारीच्या टायरमधल्या तारेचा. हरिण अडकले. तो तुरुंगात जाऊन आला.”

आम्हास त्या तीन पायांच्या सिंहिणीची आठवण झाली. त्या पंजाचा धागा कोठे बांधलेला होता, ते तेव्हा दिसले.

काका बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी आपल्याकडची हकीकत सांगण्यास आरंभ केला. आम्ही दुभाष्याचे काम केले. २००२ च्या सुमारास कर्नाटकातून हत्ती दोडामार्ग तालुक्यात उतरले. तिलारीच्या खोऱ्यात त्यांनी केळी, माड, सुपारी कशी आडवी केली, वीस वर्षे जोपासलेला माड एका रात्रीत कसा जातो, फटाके आणि मशाली घेऊन लोक कसे जागतात. धर्मशिक्षक पुढे सरकून बसले. भारतातही हत्ती पीक खातात, हे त्यांना नवे होते. मग दोघा शेतकऱ्यांचे जमले. गावाभोवती खणलेला चर, मधमाश्यांच्या पोळ्यांचे कुंपण, शेणात मिरची कालवून वाळविलेल्या गोवऱ्या जाळून त्या धुराने हत्तींना परतविणे, अशा युक्त्या त्यांनी समजावून सांगितल्या. मिरचीच्या गोवरीची कृती काकांनी वहीत उतरून घेतली.

उद्यानाच्या प्रवेशशुल्कातील वीस टक्के भाग भोवतालच्या गावांसाठी द्यावा असा तेथे नियम आहे, आणि २०१९ च्या कायद्याने जनावरांनी केलेल्या नुकसानीच्या भरपाईची तरतूदही केली आहे. धर्मशिक्षकांनी शाळेचे नवे छप्पर दाखविले, ते त्याच पैशातून झालेले. “छप्पर चांगले आहे,” ते म्हणाले, “पण मका घरी येत नाही.” अर्ज आणि पंचनामा यांची वाट किती लांब असते, हे आपल्याकडील शेतकऱ्यास सांगावयास नको. तरीही आम्ही विचारले, “मग हत्ती नकोतच का?” ते हसले. “नकोत असे कसे म्हणू? माझा धाकटा मुलगा रक्षक होणार म्हणतो. हत्ती असावेत. पण आमच्या अंगणात त्यांचा सगळा खर्च नको.”

त्या रात्री झोपण्यापूर्वी काका म्हणाले, “फादर, मी इतकी वर्षे हत्तीच मोजत होतो. डबे वाजवणारी ती मुले कधी मोजली नव्हती.”

परतीच्या वाटेवर काकांनी छायाचित्र त्या धर्मशिक्षकांच्या मुलास देऊन टाकले. आम्ही आश्चर्याने पाहू लागलो, तर म्हणाले, “मला आता त्याचे काम नाही. त्याला राखायचे आहेत, तर किती होते ते त्याला ठाऊक असू दे.”

वाचकहो, इतक्या दूरच्या रानाची गोष्ट आपणास सांगण्याचे कारण इतकेच. आपल्यापैकी कित्येकांच्या शेतात हत्ती, गवे, माकडे, डुकरे येतात. त्यांच्या नासाडीचा राग खरा आहे, आणि आपल्या मुखातील घास जातो तेव्हा त्या रागाला कोणी नावे ठेवू नयेत. शहरातून येऊन हत्तीचे कौतुक करणाराने प्रथम शेतकऱ्याच्या माळ्यावर एक रात्र जागावे. परंतु फास लावण्यापूर्वी आपणही एक गोष्ट ध्यानी धरावी: गेलेला गेंडा परत आणण्यास त्या देशाला दोन खंडांत हिंडावे लागले. परमेश्वराने नोहाला तारवात केवळ माणसे घेण्यास सांगितले नव्हते, आणि केवळ जनावरे घेण्यासही सांगितले नव्हते. दोहोंना एकाच तारवात जागा काढावी लागली. दाटी झाली असेल, परंतु जागा निघाली.

काकांनी परसात मिरची लावली आहे. यंदा पाऊस सुरू झाला तेव्हा ते नेहमीप्रमाणे व्हरांड्यात येऊन बसले आणि नाईलच्या फटीची गोष्ट सांगू लागले. पोरे हसली. या खेपेस आम्ही पोरांना सांगितले, “हसू नका. आम्ही पाहून आलो आहोत.”